गाव सोडायचं की धरून राहायचं? मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केज, सेलू, औसा, देगलूर, वसमत, परतूर, भूम अशा गावांत राहणाऱ्यांसाठी आणि तिथून बाहेर पडलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. रुपयांची उदाहरणं हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेली आहेत. स्वतःचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा मांडा, उत्तर वेगळं येऊ शकतं.

लोक गाव नेमकं कधी सोडतात?

दुष्काळ पडला की, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. दुष्काळात माणसं हलतात, पण पाऊस झाला की त्यातली बरीच परत पेरणीला येतात. कायमचं उठणारं घर उठतं ते चारपैकी एका वेळी: थोरल्या लेकराचा दहावीचा निकाल लागतो तेव्हा, मुलाचं लग्न जमत नाही तेव्हा, भावाभावांत वाटणी होते तेव्हा, किंवा घरातल्या एखाद्याला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं तेव्हा.

आणि जाणं एका उडीत होत नाही. खेड्यातला माणूस आधी तालुक्याला येतो, तालुक्यातला जिल्ह्याला, जिल्ह्यातला पुण्याला. म्हणून तालुक्याचं गाव रिकामं दिसत नाही. बायपासला प्लॉटिंग चालू असतं, तिथे आसपासच्या खेड्यांतली माणसं घरं बांधतात; आणि त्याच वेळी जुन्या पेठेतल्या गल्लीत दर चौथ्या दाराला कुलूप असतं. गाव वाढतंय की ओसरतंय हा वाद त्यामुळेच मिटत नाही. दोन्ही खरं असतं, फक्त बोलणारा कुठल्या गल्लीतला आहे ते बघावं.

शेती असताना कशाला जायचं?

किती शेती, हा खरा प्रश्न. आजोबांची २४ एकर होती, चार मुलांत सहा-सहा एकर झाली, आणि त्या प्रत्येकाला दोन मुलं असली तर आज हातात तीन एकर. कोरडवाहू तीन एकरांत सोयाबीन धरा: एकरी सात क्विंटल म्हणजे २१ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण आडतीवर ओलावा आणि माती धरून ४,५०० मिळाले असं समजा. ९४,५०० रुपये आले. बी, खत, फवारणी, खुरपणी, काढणी-मळणी मिळून एकरी २२,००० गेले तर ६६,००० खर्च. उरले २८,५००, तेही घरच्यांची मजुरी न धरता. रब्बीला ओल राहिली तर हरभरा हात देतो, नाही तर नाही.

सप्टेंबरमध्ये शेंगा भरायच्या वेळी पावसाने आठ-पंधरा दिवस झोडपलं की हा हिशेबही राहत नाही. शेंगेतच मोड फुटतात. अशा वर्षी तीन एकरवाला सुगी आटोपून पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांची वाट धरतो. बागायती तीन एकर आणि कोरडवाहू तीन एकर यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोसंबी, केसर आंबा, हळद किंवा ऊस असलेलं घर सहसा हलत नाही.

पुण्यात १८ हजार पगार मिळतो. गावात १२ हजारच. मग पुणंच बरं ना?

एकट्यासाठी बरं, कुटुंबासाठी बहुधा नाही. कंत्राटी कामगाराच्या हातात १८,००० आले असं धरा. चौघांत खोली घेतली तर भाडं ३,०००, मेस ३,०००, जाणं-येणं आणि मोबाइल १,५००, गावी फेरीचे महिन्याला सरासरी १,०००. उरतात ९,५००. गावात १२,००० मिळवणाऱ्याचं घर स्वतःचं, जेवण घरचं; त्याच्याकडेही सात-आठ हजार उरू शकतात.

आता बायको आणि दोन लेकरं नेली असं धरा. वन आरके ८,०००, किराणा-गॅस-दूध ८,०००, दोन शाळा मिळून ३,०००. पगार दवाखान्याआधीच संपला, आणि एक हजार उसने. म्हणूनच मोशी, चिखली, वाघोलीकडे आधी एकटी मुलं दिसतात आणि मग जोडपी, दोघंही कामाला जाणारी. दुसरी कमाई सुरू झाल्याशिवाय कुटुंब हलवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आवर्जून करा. भाडेकरार नोंदणीकृतच करून घ्या. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी कायद्यानेच सक्तीची आहे. नुसत्या बाँडवर सह्या करून मालक वेळ मारून नेतात, आणि पुढे आरटीईतून लेकराचा प्रवेश घ्यायला गेलात की पत्त्याचा पुरावा म्हणून तो बाँड चालत नाही.

लग्नासाठी गाव सोडावं लागतं, हे खरं का?

खरं आहे, आणि यावर उघड बोललं जात नाही. मुलीकडचे तीन गोष्टी विचारतात: नोकरी कुठे, पुण्यात खोली आहे का, शेती किती. शेती हवी असते, पण मुलाने ती करू नये अशी अपेक्षा असते. मुलींच्या बाजूने बघितलं तर यात चूक काहीच नाही. आईने रानात आणि चुलीपुढे घालवलेली वर्षं त्यांनी पाहिलेली असतात. शिवाय मुलीच कमी आहेत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ती मुलं आता लग्नाच्या वयात येत आहेत.

फक्त बायोडेटावर ‘पुणे’ लिहायला म्हणून दहा-बारा हजारांची नोकरी धरणारी मुलं आहेत. लग्नानंतर दोन वर्षांनी वरचा हिशेब समोर येतो आणि सून-मुलगा परत येतात, किंवा सून सासरी आणि मुलगा तिकडे राहतो. सोयरीक ठरतानाच खरा पगार आणि राहायची जागा सांगितली तर पुढचे तंटे टळतात.

अकरावी-बारावीसाठी लातूरला जाणं म्हणजे गाव सोडणं का?

सुरुवातीला नाही. पण गाव सुटतं ते इथूनच. दहावी झाली की लेकरू ‘नीट’च्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला, काही घरांत नांदेडला किंवा संभाजीनगरला जातं. वसतिगृहाचं जेवण मानवत नाही म्हणून दोन महिन्यांत आई जाते. खोली घेतली जाते, गॅस येतो, सहावीतलं धाकटं लेकरूही तिथल्याच शाळेत घातलं जातं. वडील गावी, शनिवारी एसटीने डबा-धान्य घेऊन येणार. दोन वर्षांची सोय म्हणून केलेलं हे बिऱ्हाड धाकट्याच्या बारावीपर्यंत सहा-सात वर्षं चालतं, आणि तोवर आईला गावची सवय राहत नाही.

खर्चाचा अंदाज चुकतो तो क्लासच्या फीमुळे नव्हे. फी आधी कळते. चुकतो तो रिपीटमुळे. पहिल्या प्रयत्नात मार्क कमी पडले तर तिसरं वर्ष धरावंच लागतं, म्हणून पैशांची तरतूद तीन वर्षांची करा. वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला. तेव्हा मराठवाड्यातून बारावी केली म्हणून इथल्या जागांवर पहिला हक्क आता नाही. मोठ्या भावंडाच्या वेळचा कटऑफ बघून अंदाज बांधू नका.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. ओळखीने कॉलेजात जागा धरून ठेवायचे दिवस गेले. पसंतिक्रमात एक तरी कॉलेज रोज जाऊन-येऊन करता येईल असं भरा. निकालाआधीच जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयरसाठी अर्ज करा, कारण जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात मुंगी शिरणार नाही अशी गर्दी असते.

पाण्याचं काय? आमच्याकडे नळ दहा दिवसांनी येतो.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. ते देशभर गाजलं. पण घरं कंटाळतात ती रोजच्या पाण्याला: नळ कधी येणार माहीत नाही, आला की घरातलं एक माणूस कामावर जाऊ शकत नाही, आणि वर जारचे पैसे वेगळे.

राहायचं ठरवलं असेल तर साठवण आधी बांधा, टाइल्स नंतर. माणशी रोज ५५ लिटर धरले तर पाच माणसांना २७५ लिटर, दहा दिवसांचे २,७५०. पण उन्हाळ्यात मोटार जळाली किंवा जलवाहिनी फुटली की दहाचे पंधरा दिवस होतात, म्हणजे ४,१२५ लिटर. सहा बाय सहा फूट आणि पाच फूट खोल हौदात सुमारे ५,००० लिटर बसतात. छतावर ५०० लिटरची टाकी पुरे. मोठी टाकी ठेवून विजेची आणि स्लॅबची काळजी वाढवू नका. हौदाच्या तोंडाला जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच कट्टा हवा. तो नसला की पहिल्याच पावसात गल्लीचं पाणी आत जातं.

छताचं पाणी धरलं तर फरक पडतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वगळून सुमारे ५२,००० लिटर मिळतात. पहिला पाऊस बाहेर सोडा, मग पाइप खडी-वाळूच्या गाळण खड्ड्यात उतरवा. थेट बोअरमध्ये पाइप घालणारे बोअर गाळाने बुजवून बसतात. आणि नवा बोअर घेण्याआधी शेजाऱ्याला किती फुटांवर पाणी लागलं एवढ्यावर जाऊ नका. आपल्याकडचा काळा दगड सलग असतो, पाणी फक्त भेगांत. वीस फुटांच्या अंतरात त्याला दोन इंच पाणी आणि तुम्हाला नुसती धूळ, असं होतंच.

मग राहणारे का राहतात?

गावावरचं प्रेम वगैरे कारण असतं, पण प्रेमावर किराणा येत नाही. टिकलेली घरं बघितली तर बहुतेक ठिकाणी दोन कमाया दिसतात: थोडी शेती आणि एक पगार, किंवा शेती आणि दुकान. जिल्हा परिषदेची शाळा, बँक, महावितरण, पतसंस्था, मेडिकल, कृषी सेवा केंद्र, डाळ मिल यांतलं काही तरी घरात असतं. भूमकडे खवा, वसमतकडे हळद शिजवणं-पॉलिश, जालन्याकडे बियाण्यांचे प्लॉट, उदगीर-लातूरकडे डाळ मिल. जिथे माल गावातच दुसऱ्या रूपात जातो तिथे बाराही महिने काम असतं.

दुसरं कारण उधारी. हे बाहेरच्यांना कळत नाही. तालुक्यातल्या दुकानदाराचा धंदा उधारीवर चालतो. खत-बियाणं जूनमध्ये द्यायचं, पैसे दिवाळीला सोयाबीन विकल्यावर. राहिलेले पाडव्याला तूर-हरभरा निघाल्यावर. वहीत आजूबाजूच्या वीस खेड्यांतले पाच-सात लाख अडकलेले असतात. दुकान बंद करतोय अशी कुणकुण लागली की वसुली थांबते. त्यामुळे मनातून कधीच गाव सोडलेला माणूसही गल्ल्यावर बसून राहतो. दुकान आवरायचंच असेल तर दोन हंगाम आधीपासून नवी उधारी बंद करा, जुनी सुगीत उचला, आणि जायचं शेवटपर्यंत बोलू नका.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं गाव सोडलेली धरायची का?

नाही. ती दसरा-दिवाळीनंतर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येतात. पण त्यांचं जाणं-येणं मर्जीचं असतंच असं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. तोडलेल्या टनांवर ती फिटते. पाऊस, आजारपण किंवा बाळंतपणाने टन कमी पडले तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, म्हणजे पुढच्या वर्षी जावंच लागतं. उचल घेताना रक्कम आणि तारीख स्वतःच्या वहीतही लिहा आणि शक्यतो बँक खात्यावर घ्या. बाकीवरून होणारी भांडणं बहुतेक तोंडी हिशेबातूनच होतात.

लेकरांना फडावर नेऊ नका. हंगामी वसतिगृहाची सोय शाळेमार्फत होते. मुख्याध्यापकांना जाण्याआधीच नावं द्या. लेकरू गावात आजीकडे राहिलं तर शाळेतलं नाव आणि पोषण आहार दोन्ही टिकतात.

आई-वडील गाव सोडायला तयार नाहीत. काय करावं?

ओढून नेऊ नका. गावात त्यांना ओटा आहे, पारावर बसणारी चार माणसं आहेत, आणि एसटी आहे: ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना कोणत्याही वयात अर्धं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं काही नसतं.

एकच गोष्ट तपासा. दवाखाना किती मिनिटांवर आहे? बीपी-शुगरच्या गोळ्या तालुक्यात मिळतात. पण डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं, आणि ते केंद्र ६० किलोमीटरवर असेल तर वडिलांबरोबर आणखी एका माणसाचा रोजगार बुडतो. अशा वेळी पुण्याला न नेता जिल्ह्याच्या गावी, किंवा अंबाजोगाईसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या गावात खोली घेणं स्वस्त पडतं, आणि त्यांना ते मानवतंही.

आम्ही बाहेर आहोत, रान कुणाला द्यावं?

तीन रीती आहेत. सालगडी ठेवला तर साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. रक्कम, धान्य आणि कपडे ठरतात, पण देखरेखीला घरचं माणूस लागतं. ते नसेल तर सालगडी ठेवू नका. बटईत बी-खत निम्मं-निम्मं आणि माल निम्मा. यात मळणीच्या दिवशी तुम्ही हजर हवेत, नाही तर पोत्यांचा हिशेब ऐकीव राहतो. ठोक्यात पेरणीआधी एकरकमी पैसे मिळतात, डोक्याला ताप नाही, पण जमिनीत शेणखत कुणी टाकत नाही. पाच वर्षं सलग ठोक्याने दिलेलं रान ओळखू येतं.

कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने सगळं तोंडी चालतं. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि ती भीती तिथूनच आलेली आहे. निदान पैसे खात्यावर घ्या आणि दर वर्षी माणूस बदलला नाही तरी बोलणी नवी करा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवणं, राहिल्याने. फोटो शेतात उभं राहूनच घ्यावा लागतो, पुण्यात बसून होत नाही. सातबाऱ्यावर पीक नसलं की हमीभाव केंद्रावर माल घेत नाहीत आणि अतिवृष्टीच्या मदतीतही अडचण येते. एका मोबाइलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद होते, तेव्हा गावातल्या भावाला किंवा बटईदाराला खाते क्रमांक आणि गट नंबर लिहून द्या. मुदत संपायच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही, हे धरूनच चाला. नोंद झाली का ते १५ रुपयांत डिजिटल सातबारा काढून घरबसल्या बघता येतं.

वडील वारले असतील तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्या. ‘पुढच्या दिवाळीला गेल्यावर करू’ म्हणत दहा वर्षं जातात, तोवर एखादी बहीण-भाऊही जातो आणि सह्यांची संख्या चारावरून चौदावर जाते.

कागदपत्रं कुठली हलवायची, कुठली नाही?

रेशनकार्ड हलवायची घाई नको. अंगठा लावून पुण्यातही धान्य मिळतं, आणि घरच्यांनी तिकडे, तुम्ही इकडे असं वाटूनही उचलता येतं. ई-केवायसी मात्र प्रत्येकाची झालेली हवी.

मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. हलवायचं तर फॉर्म ८ भरा, नवा फॉर्म ६ नव्हे. नाही तर दोनदा नाव लागतं आणि तो गुन्हा आहे. पंचायतीच्या निवडणुकीपुरतं नाव गावात ठेवणारे खूप आहेत. त्यांना गाडी पाठवून आणतात, हा भाग वेगळा.

जातीचा दाखला मूळ गावच्या उपविभागातूनच निघतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांआधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आताच काढून ठेवा. जुन्या नोंदी मोडीत किंवा उर्दूत असतात, वाचणारे कमी होत चाललेत. पुढच्या पिढीच्या लेकराला पुण्यात बसून हे जमणार नाही.

रेल्वे, हायवे आला की गाव टिकतं का?

दोन्ही होतं. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत कारखाना असेल तर टिकतं: गंगापूर-पैठण भागातून वाळूजला रोज जाऊन-येऊन करणारे आहेत. त्यापलीकडे रस्ता जाण्याच्याच कामाला येतो. बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी पहिली रेल्वे आली. आता नगरपर्यंतचा प्रवास स्वस्त झाला. गाडीत परत येणारे किती, ते काही वर्षांनी कळेल.

परत यायचं ठरवलंय. कुठून सुरुवात करू?

नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढा आणि एक अख्खा मे महिना गावात सहकुटुंब राहून बघा. दिवाळीत गाव सगळ्यांनाच आवडतं. बायकोचा होकार खरा आहे की तुमच्या तोंडाकडे बघून, हे त्या महिन्यात कळतं.

धंद्याला सरकारी सबसिडीवर विसंबू नका. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेत अनुदान मंजूर झालं तरी ते बँकेत तीन वर्षं ठेवीसारखं अडकून असतं. हप्ता पूर्ण कर्जावर सुरू झाला असं धरून हिशेब मांडा. आणि गावात चौथं मोबाइल शॉप किंवा सहावं कृषी केंद्र टाकू नका. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक, सोलर पंप, आरओ, सीसीटीव्ही दुरुस्त करणारा माणूस बहुतेक तालुक्यांत अजून बाहेरून बोलवावा लागतो.

तोवर जुन्या घराचं काय? वर्षातून एकदा कुलूप उघडतो.

सिमेंटचं घर असेल तर घरपट्टी भरा आणि वीजबिल थांबवू नका. वापर शून्य असला तरी स्थिर आकार येतो. थकबाकीने मीटर कायमचं गेलं की नव्या जोडणीचा व्याप मागे लागतो.

माळवदाचं, म्हणजे लाकडी सरांवर मातीचं सपाट छत असलेलं घर असेल तर वर्षातून एकदा उघडून भागत नाही. मृगाच्या आधी माळवदावर चढून उंदरांची बिळं बुजवावी लागतात, गवत उपटावं लागतं, पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन उतार पन्हाळीकडे करावा लागतो. दोन पावसाळे हे झालं नाही की पाणी सरांत मुरतं, लाकूड कुजतं, आणि वरच्या दोन फूट मातीचा भार भिंतीवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं दगावली ती बव्हंशी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि अशाच जड माळवदांखाली. घर दोन-चार वर्षं उघडणार नसेल तर वरची माती उतरवून पत्रे टाकून घ्या. आणि किल्ली भाऊकीतल्या मोठ्या माणसाकडे मान म्हणून ठेवू नका. मृगात शिडी लावून वर चढणाऱ्या शेजाऱ्याकडे ठेवा, मातीचे आणि मजुरीचे पैसे आगाऊ देऊन.